हाताने भरलेली साडी घेताना : लखनौची चिकनकारी की धारवाडची कसुती

हाताने भरलेल्या साडीसाठी यंत्रभरताच्या साडीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजायचे आणि त्या पैशांबरोबर मानही भरणाऱ्या बाईपर्यंत पोहोचावा अशी इच्छा धरायची, एवढे ज्यांनी मनाशी ठरवले आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे. यंत्र की हात हा प्रश्न त्यामुळे येथे मागे पडतो. उरतो तो कोणते हातभरत घ्यावे हा प्रश्न, आणि महाराष्ट्रात बसून विचार करणाऱ्या माणसाला तो बहुधा दोन नावांपाशी आणून सोडतो : लखनौची चिकनकारी, जी आज बहुतेक शहरांतल्या हस्तकला प्रदर्शनांत हमखास दिसते, आणि धारवाड-हुबळीकडची कसुती, जी आपल्याकडच्या अनेक घरांतल्या आज्यांनी इरकलीच्या पदरावर पाहिलेली आहे. आमच्या घरी दोन्ही आल्या, दोन्ही नेसल्या आणि धुतल्या गेल्या, आणि पुढे दोन्ही दुरुस्तीलाही न्याव्या लागल्या. माझे मत मुख्यतः त्या दुरुस्तीच्या अनुभवातून बनले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कच्छचे भरतकाम या तुलनेत का नाही, असे कोणी विचारील. चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९ मध्ये दुष्काळाच्या काळात सुरू केलेली ‘श्रुजन’ आणि १९९३ पासून सुमरासर येथे काम करणारी ‘कला रक्षा’ या संस्थांमुळे कच्छच्या कारागीर स्त्रियांची ओळख जपण्याचे काम इतर अनेक ठिकाणांपेक्षा पुढे गेले आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु कच्छचे भरतकाम ही एक कला नसून सूफ, खारेक, पक्को, रबारी, अहीर, मुतवा, जत अशा अनेक समाजांच्या वेगवेगळ्या रीतींचे ते कुटुंब आहे, आणि त्याचे मूळ घर घागरा, कांचळी, ओढणी, तोरण, चाकळे यांत आहे. साडी घ्यायची असेल तर तुलना लखनौ आणि धारवाड यांचीच होते. ओढणी किंवा झोळी घेणाऱ्याने कच्छकडे अवश्य वळावे.

चिकनकारीची ओळख करून देण्याची गरज नाही, पण तिच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. बाजारात चिकन म्हणून जे डोंगरासारखे साठवलेले दिसते त्यातले बरेचसे काम बखिया या एकाच टाक्याचे असते. उलट बाजूने भरून सुलट बाजूला सावलीसारखा दिसणारा हा टाका सुंदर आहे आणि लवकर भरून होतो, म्हणून तो इतका पसरला. चिकनकारीचा खरा कस लागतो तो फंदा, मुर्री आणि जाली या ठिकाणी. फंदा म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी गाठ, मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखा उठावदार लांबट टाका, आणि जाली म्हणजे कापडाचा एकही धागा न काढता सुईने धागे बाजूला सारून, आवळून पाडलेली जाळी. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याने भरलेली अशी साडी उजेडासमोर धरली की हाताचे कसब काय असते ते समजते. चिकनकारीचे कारागीर हसन मिर्झा यांच्या कन्या नसीम बानो यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती ‘अनोखी’ चिकनकारीसाठी, जिच्यात टाका कापडाच्या उलट बाजूला दिसतच नाही. या उंचीचे काम पाहिल्यावर कसुतीचा पक्ष मांडणाऱ्यालाही काही वेळ गप्प बसावे लागते.

या कामाची रचना मात्र समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. चिकनचे कापड एका हातून होत नाही. आधी लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापली जाते आणि ती धुऊन जाणाऱ्या निळीने छापलेली असते. मग ते कापड लखनौच्या जुन्या मोहल्ल्यांत किंवा काकोरी, मलिहाबादसारख्या आसपासच्या गावांत घरी बसून भरणाऱ्या स्त्रियांकडे जाते. तेथेही बखियाचा हात वेगळा, मुर्रीचा वेगळा आणि जालीचा तर बहुधा वेगळाच असतो. भरून झालेले कापड परत येते, धुलाईला जाते, तेथे निळीचा मागमूस उरत नाही, आणि मग खळ व इस्त्री होऊन ते दुकानात येते. या प्रवासात कापड ने-आण करणारा मध्यस्थ असतो आणि मजुरी नगावर ठरते. चिकनच्या स्त्रियांच्या हाती पडणारा वाटा किती कमी असतो यावर पुष्कळ बोलले गेले आहे. १९८४ मध्ये रूना बॅनर्जी आणि सेहबा हुसेन यांनी लखनौत ‘सेवा’ ही संस्था उभी केली ती याच मध्यस्थांच्या साखळीतून स्त्रियांना बाहेर काढण्यासाठी, आणि त्या कामासाठी रूना बॅनर्जी यांना २००७ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

कसुतीचा सारा संसार याच्या उलट बाजूने चालतो. येथे छापणी नाही, ठसा नाही, पेन्सिलीची रेघ नाही. भरणारी बाई कापडाचे उभे-आडवे धागे मोजते आणि त्या मोजणीवर रथ, गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, अंबारीचा हत्ती, नंदी, शंख, कमळ हे सारे उभे करते. टाके मोजून चार. गवंती हा दुहेरी धावदोरा, जो जाताना अर्धी रेघ भरतो आणि परतताना मधल्या मोकळ्या जागा भरून ती पुरी करतो. मुर्गी हा पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढणारा, बांधणीने गवंतीसारखाच. नेयगी म्हणजे विणीचा आभास देणारा, जागा भरून काढणारा धावदोरा. आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका, जो दोरा जास्त खातो आणि अंगाला जड लागतो. गवंती आणि मुर्गी यांत गाठ मारायची नसते, सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. त्यामुळे सुई उचलण्याआधीच आपण कोणत्या वाटेने जाणार आणि कोणत्या वाटेने परतणार हे बाईच्या डोक्यात पक्के असावे लागते, जसे हात न उचलता ठिपक्यांची रांगोळी काढणारीच्या डोक्यात ते असते. एक धागा मोजण्यात चुकला तर ती चूक तिथे दिसत नाही. दोन वीत पुढे गेल्यावर रथाचा कळस चाकांच्या मध्यावर येत नाही तेव्हा ती दिसते, आणि मग तेथपर्यंतचे सारे उसवावे लागते.

कसुतीशी आपले नाते जुने आहे. काळी चंद्रकळा आपण संक्रांतीशी जोडतो, आणि उत्तर कर्नाटकात कसुतीने भरलेली हीच काळी साडी नवरीच्या लग्नाच्या वस्त्रांत मानाची असे. इरकल तर सोलापूर, कोल्हापूर, सांगलीकडे इतकी घरची झाली आहे की ती बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची आहे हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. तिचा रेशमी पदर मुख्य अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो, आणि कसुतीचे मोठे आकार पदराजवळ घेऊन पुढे ते लहान लहान करत नेण्याची पद्धत आहे. नेसल्यावर खांद्यापासून खाली नजर जाताना गोपुरांचे रथ होतात आणि रथांच्या बुट्ट्या होतात. ही मांडणी एकदा जवळून पाहिली की इतर ठिकाणच्या सारख्या अंतरावर टाकलेल्या बुट्ट्या मला थोड्या सपाट वाटू लागतात. हे अर्थात माझ्या डोळ्याच्या सवयीमुळे असू शकते.

रोजच्या वापराचे बोलायचे तर येथे चिकनकारी सरळ पुढे जाते आणि ते मान्य केले पाहिजे. उन्हाळ्यात अंगावर घेण्यासाठी मलमलीवरच्या चिकनइतके सुखद वस्त्र मला माहीत नाही. कार्यालयात नेसता येते, प्रवासात नेता येते, आणि पांढऱ्यावर पांढरे असल्याने कोणत्याही पोलक्यावर शोभते. कसुतीची इरकल त्या मानाने जड, तिला प्रसंग लागतो, आणि दाट रंगांमुळे पहिल्या धुण्यांत तिला वेगळे ठेवावे लागते. निवडीच्या बाबतीतही चिकनला वाव फार मोठा आहे. प्रदर्शनात गेलो की शंभर साड्या समोर पडतात, तर खरी हातची कसुती दाखवा म्हटले की दुकानदार कपाटाच्या आतल्या कप्प्यातून दोन-तीन साड्या काढतो. ज्यांना पुढच्या आठवड्यातल्या समारंभासाठी साडी हवी आहे त्यांनी येथेच थांबून चिकन घ्यावी. त्यात काहीही उणे नाही.

आता त्या एका गोष्टीकडे येतो जिच्यामुळे माझे पारडे झुकले. आमच्याकडच्या चिकन साडीच्या पदरावर मुर्री आणि फंद्याच्या वेली होत्या, आणि त्यांच्यासाठीच ती साडी घेतली होती. काही काळाने बांगडीत अडकून एका वेलीच्या मुर्री ओढल्या गेल्या, आणि पुढच्या धुण्यात त्यातल्या काही सुटल्या. वेलीत मध्येच मोकळी जागा दिसू लागली. नुकसान लहान होते, कापड शाबूत होते, आणि एखादा सुईत हात बसलेला माणूस हे तासाभरात नीट करील अशी माझी समजूत होती. ज्या दुकानातून साडी घेतली तेथे नेली, तर दुकानदारांनी ती आदराने उलगडून पाहिली आणि स्पष्ट सांगितले की माल लखनौहून एकगठ्ठा येतो, कोणी भरला ते आम्हाला ठाऊक नसते, आणि परत पाठवण्याची सोय नाही. त्यांनी त्यावर तयार फुलाची ठिगळ लावण्याचा सल्ला दिला. आमच्या भागात उत्तम भरतकाम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण त्यांची मुर्री जाड आली, शेजारच्या दाण्यांशी तिचा कल जुळेना, आणि वेलीचा बाक तेवढ्या जागेत मोडल्यासारखा दिसू लागला. त्यांनीच ते काम उसवून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

त्या वेळी त्या बाई जे म्हणाल्या ते मला महत्त्वाचे वाटते. “दादा, इथं रेघच नाही. ज्या रेघेवर हे भरलं होतं ती धुऊन गेली. मी अंदाजानं भरणार, आणि अंदाज माझा असणार, त्या बाईचा नाही.” नीळ धुलाईत नाहीशी होते हा चिकनकारीचा गुण आहे, कारण त्यामुळेच ती साडी इतकी निर्मळ दिसते. पण टाका सुटला की त्याच्याबरोबर त्याची जागाही हरवते. मूळ ठसा कोणता होता हे छापणाऱ्याला ठाऊक, दोऱ्याचे किती पदर घेतले होते आणि हात किती ताणला होता हे भरणारीला ठाऊक, आणि या दोघांपैकी कोणापर्यंतही ग्राहकाला पोहोचता येत नाही. साडी कोणी भरली हे न कळणे मला त्याआधीही खटकत असे, परंतु ते एक भावनेचे खटकणे होते. पदरावरच्या त्या मोकळ्या जागेने त्याला व्यवहाराचे रूप दिले. ज्या बाईच्या कसबाचा मान राखायचा म्हणून आपण जास्त पैसे मोजले, तिच्याकडे आपण एक सुटलेला टाका घेऊन जाऊ शकत नाही. ती साडी आजही नेसली जाते, पदर थोडा वेगळा घ्यावा लागतो एवढेच, पण तो घेताना दर वेळी हे आठवते.

कसुतीच्या साडीला इजा झाली ती याहून मोठी होती. घडीवर ट्रंकेचा कोपरा घासून पदरावरच्या एका रथाची एक बाजू विरली, बऱ्याच रेघा तुटल्या आणि काही ठिकाणी तर दोरा पूर्ण निघून गेला. धारवाडला जाणे झाले तेव्हा साडी बरोबर घेतली आणि ज्यांनी ती भरली होती त्यांच्याच घरी गेलो, कारण साडी घेतानाच त्यांचे नाव आणि पत्ता मिळालेला होता. त्या मराठी चांगले बोलतात, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांनी साडी उलटी केली, बोटाच्या नखाने शेजारच्या रथाचे धागे मोजले, आणि म्हणाल्या, “ठेवून जा अण्णा. दोरा उरलाय ना तुमच्याकडं?” दोरा त्यांनीच साडीबरोबर बांधून दिला होता आणि तो आम्ही जपला होता. काही दिवसांनी साडी परत आली तेव्हा नवी बाजू कोणती आणि जुनी कोणती हे मला उजेडात नेऊनही ओळखता येईना, आणि ज्या घरी हे दाखवले तेथेही कोणाला आले नाही.

यात त्या अक्कांचे कसब आहेच, पण सारे श्रेय एका व्यक्तीच्या कसबाला देऊन चालणार नाही. कसुतीची नक्षी कापडाच्या विणीत बसलेली असते. दोरा निघून गेला तरी कापडाचे धागे जागेवर असतात, त्यांची मोजणी बदलत नाही, आणि त्याच पदरावर त्याच मापाचा दुसरा रथ शेजारी उभा असतो. मूळ भरणारी बाई उद्या हयात नसली तरी गवंती येणारी दुसरी कोणीही तेच घर मोजून तोच टाका घालू शकते.  मला या गोष्टीत भरणाऱ्या स्त्रीविषयीचा मोठा आदर दिसतो, कारण तिचे काम तिच्या पश्चातही तिच्याच पद्धतीने पुरे करता येते.

या मताला एक मर्यादा आहे आणि ती सांगणे भाग आहे. हल्ली कसुती जॉर्जेट, क्रेप, शिफॉन अशा कापडांवरही भरतात, ज्यांचे धागे नजरेने मोजता येत नाहीत. तेव्हा वर जाळीचे विरळ कापड टाचून घेतात, त्याच्या घरांवर मोजून भरतात आणि भरून झाले की त्या जाळीचे धागे एक एक करून ओढून काढतात. या कामालाही कष्ट कमी नाहीत, पण मोजणीचा आधार येथेही निळीसारखाच नाहीसा होतो, आणि दुरुस्तीचा मुद्दा मग बराच दुबळा पडतो. म्हणून कसुती घ्यायची तर ती सुती अथवा सुती-रेशमी इरकलीवर घ्यावी, किंवा ज्या हातमागाच्या कापडाचे धागे डोळ्यांना दिसतात त्यावर घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. नेयगी आणि मेंथी यांच्या बाबतीतही उलट बाजू सुलटीसारखी नसते, तेव्हा जेथे रेघांचे काम जास्त तेथे माझे म्हणणे जास्त लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि त्यावर मी बराच विचार केला आहे. लखनौ आणि आसपासच्या जिल्ह्यांत चिकनवर पोट असलेल्या स्त्रियांची संख्या कसुतीवर जगणाऱ्या स्त्रियांपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्या अज्ञात राहतात म्हणून आपण त्यांच्याकडून घेणेच थांबवले तर त्यांचा मान वाढत नाही, फक्त काम कमी होते. हे खरे आहे. म्हणूनच मी चिकन घेऊ नका असे म्हणत नाही. घ्यायची असेल तर ‘सेवा’सारख्या, कारागीर स्त्रियांनीच चालवलेल्या संस्थेकडून घ्यावी, आणि बखियापेक्षा मुर्री, फंदा, जाली यांचे काम निवडावे, कारण ज्या टाक्याला मागणी नाही तो टाका पुढची पिढी शिकत नाही. संस्थेकडून घेतलेल्या कापडाच्या दुरुस्तीचा अनुभव माझ्या अनुभवापेक्षा चांगला येण्याची शक्यता आहे. तरीसुद्धा निळीची रेघ संस्थेकडेही उरलेली नसते, हे तेवढेच खरे.

पैशांविषयी थोडक्यात. चिकनमध्ये खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत सर्व किमती आहेत, त्यामुळे घासाघीस करण्याचा मोह होतो. कसुतीत खालची पायरी जवळपास नाहीच. पदर, काठ आणि अंगभर बुट्ट्या असलेली हातची साडी महाग असते आणि ती तशीच असायला हवी, कारण तिच्यात महिन्यांचे काम असते. बजेट आखडते असेल तर पूर्ण कसुती साडीऐवजी साध्या इरकलीवर फक्त पदराचा एक पट्टा भरून घ्यावा, किंवा खणाच्या पोलक्याच्या बाह्यांवर एक ओळ घ्यावी. एवढ्या कामासाठीही बाई तीच असते आणि मोजणीही तीच असते. स्वस्तातली ‘फुल कसुती’ दिसली की ती संगणकावरच्या यंत्राने भरलेली आहे असे समजण्यास हरकत नाही.

ओळखण्याच्या खुणा वाचकाला बहुतेक ठाऊक असतीलच, म्हणून एकाच गोष्टीवर थांबतो. साडी नेहमी उलटी करून पाहावी. चिकनच्या उलट बाजूला दोऱ्याची टोके, लहान गाठी आणि एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेला दोरा दिसला तर घाबरू नये, ती हाताचीच खूण आहे. यंत्राच्या कामाला उलट बाजूला एकसारखा, बहुधा पांढरा, बॉबिनचा दोरा चिकटून असतो आणि अनेकदा आधाराला लावलेल्या कागदासारख्या अस्तराचे तुकडेही राहतात. कसुतीत मात्र स्वच्छ उलट बाजू पाहून यंत्राचा संशय घेऊ नये, तेथे स्वच्छता हीच कसोटी आहे. शिवलेले, अस्तर लावलेले पोलके घेताना ही तपासणीच करता येत नाही, म्हणून भरलेले कापड आधी घ्यावे आणि मग आपल्या शिंप्याकडून शिवावे.

दोन्ही कलांना भौगोलिक मानांकन आहे, चिकनला ते २००८ मध्ये मिळाले, आणि कसुतीचे मानांकन कर्नाटकाच्या हस्तशिल्प विकास महामंडळाकडे आहे, ज्याची ‘कावेरी’ ही दुकाने आहेत. मानांकनामुळे गावाचे नाव सुरक्षित होते. बाईचे नाव मात्र त्यात येत नाही, ते आपणच विचारून घ्यावे लागते, आणि ते विचारण्याची सवय ग्राहकांनी लावली तर दुकानांनाही नोंद ठेवावीशी वाटेल असा माझा विश्वास आहे. लखनौच्या साडीबाबतही हा प्रश्न आवर्जून विचारावा. उत्तर मिळाले नाही तरी विचारलेले दुकानदाराच्या कानावर राहते.

तेव्हा उन्हाळ्यासाठी, रोजच्या नेसण्यासाठी, लगेच हवी म्हणून किंवा पहिल्यांदाच हातभरत घेत असाल तर चिकन घ्यावी आणि ती निर्धास्तपणे वापरावी. पण एकच साडी घ्यायची आहे, ती पुढच्या पिढीकडे जावी अशी इच्छा आहे आणि मध्ये कधीतरी तिला सुई लागणार हे गृहीत धरले आहे, तर मी कसुतीकडे बोट दाखवीन. शक्य असल्यास ती स्वतः धारवाड-हुबळीकडे जाऊन, भरणाऱ्या बाईशी बोलून घ्यावी. साधी इरकल आपण न्यावी, आकार तिला ठरवू द्यावेत, मजुरीचा काही भाग आगाऊ द्यावा आणि तारखेचा तगादा लावू नये, कारण घरची कामे, सण आणि डोळ्यांचा शीण सांभाळून ती हे भरत असते. साडी हाती घेताना उरलेला दोरा मागून घ्यावा आणि तो साडीच्याच घडीत, कागदात गुंडाळून ठेवावा. संक्रांतीला चंद्रकळा नेसायची असेल तर श्रावणातच मागणी नोंदवावी, कारण गणपती-दसऱ्यानंतर बहुतेक हात लग्नाच्या साड्यांत गुंतलेले असतात.